ह्यांची नाडी मोजताना

पळता पळता हे एकदम थांबले आणि तळ्याच्या कठड्यावर बसले, तेव्हा मी वीसएक पावलं मागे होते. डिसेंबरातली सकाळ होती. कात्रजच्या तळ्यावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. मी रोज नुसती चालते, पळणं मला कधी जमलेलं नाही. त्या दिवशी मात्र साडीचा घोळ एका हाताने धरून धावत गेले.

"काय होतंय? छातीत दुखतंय का?"

ह्यांनी मानेनेच नाही म्हटलं आणि डावा हात माझ्यापुढे धरला. मनगटावरच्या घड्याळात आकडा होता, एकशे एकाहत्तर.

"घाम येतोय? हात दुखतोय?"

"काही होत नाहीये. पण आकडा बघ ना."

आवाज नेहमीसारखाच होता, पण ओठ पांढरे पडले होते. मी रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली आणि आम्ही पळण्याच्या बुटांवरच तडक दवाखान्यात गेलो.

दीड वर्षापूर्वी ह्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला होता आणि स्टेंट बसवावा लागला होता. त्यानंतर वर्षभर नुसतं चालणं झालं. मग डॉक्टरीणबाईंनी हळूहळू पळायची परवानगी दिली. बोलता येईल इतक्याच वेगाने पळायचं आणि ठोके मिनिटाला एकशे पंचवीसच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, एवढी अट. आमची मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिने लगेच ठोके मोजणारं घड्याळ पाठवून दिलं. त्याच्या पोटाला बारीक हिरवे दिवे आहेत. ते कातडीत उजेड टाकतात. ठोक्यासरशी रक्ताची लाट येते तेव्हा परत येणारा उजेड किंचित कमी होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. हे मला ह्यांनीच पहिल्या दिवशी मोठ्या कौतुकाने समजावलं होतं.

दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. तो व्यवस्थित आला. दुसऱ्या दिवशी फिरत्या पट्ट्यावर चालवून तपासणी झाली, तीही चांगली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, तुमचं हृदय ठीक आहे. पळताना मनगटावरची घड्याळं कधी कधी फसतात. हात हलतो, पट्टा सरकतो. बिनधास्त पळा. काही त्रास वाटला तर मात्र थांबा आणि मला कळवा."

"पण आकडा एकशे एकाहत्तर होता," हे म्हणाले.

"त्रास काही झाला होता?"

"नाही. पण आकडा..."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मला खरं आश्चर्य वाटत होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. ह्यांनी हडपसरच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली. दुसऱ्यांनी बनवलेले भाग मापात आहेत की नाहीत, हे तपासायचं काम. त्यामुळे कुठल्याही मोजायच्या वस्तूवर ह्यांचा विश्वास म्हणून नसायचा. मी शिवणवर्ग चालवायचे, तेव्हा लग्नानंतर महिनाभरातच ह्यांनी माझी टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघितली होती. "तुझी टेप दोन मिलिमीटर खोटं बोलते," असं म्हणून ती कचऱ्यात टाकली होती. घरचा ताप मोजायचा थर्मामीटर, स्वयंपाकघरातला वजनकाटा, सगळ्यांची परीक्षा झालेली. असा माणूस आता घड्याळापुढे मान खाली घालून बसत होता. मी म्हटलं, "अहो, डॉक्टरच सांगतायत ना घड्याळ चुकलं म्हणून," तर म्हणाले, "मशीन कशाला खोटं बोलेल? त्याला काय मिळणार आहे?"

ह्यांनी पळणं बंद केलं. तळ्यावर येणंही बंद केलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबून मनगट बघायचे. बुटाची नाडी बांधायला वाकले की बघायचे. जेवताना पहिल्या घासाआधी बघायचे. मुलीने फोनवर सांगितलं, "बाबा, स्ट्रॅप टाइट कर, लूज असेल." ह्यांनी पट्टा इतका आवळला की मनगटावर दिव्याच्या चौकटीचा लाल वळ उठला. तरी पळायची हिंमत होईना. एकदा मी भाजी निवडत होते आणि हे समोर बसले होते. मी काहीतरी विनोद केला. ह्यांना हसू आलं, आणि हसता हसता ह्यांची नजर घड्याळाकडे गेली. हसू तिथल्या तिथे विझलं. मला वाटलं, आजारातून माणूस परत आला आणि आता या डबीत अडकला.

तिसऱ्या आठवड्यात मी एकटीच तळ्यावर गेले. घरात बसवेना. तिथे एक चाचा रोज भेटायचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले, अतिदक्षता विभागात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, होते. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलं, थोरला भाऊ घड्याळजी. चाचा पांढऱ्या टोपीत, हात मागे बांधून, अगदी सावकाश चालायचे.

"साहेब दिसत नाहीत हल्ली?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता बाकावर बसले. चाचा शेजारी उभे राहिले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "भाभी, तुम्हाला नाडी मोजता येते?"

"नाही हो."

"शिवण शिकवायचात ना? मग बोटं हलकी असणार. बसा, दाखवतो."

त्यांनी स्वतःच्या मनगटावर दाखवलं. अंगठ्याच्या मुळाखाली, हाडाच्या आतल्या बाजूला, मधली तीन बोटं टेकवायची. अंगठा वापरायचा नाही. अंगठ्याला स्वतःचीच नाडी असते, ती दुसऱ्याची म्हणून मोजली जाते. दाबायचं नाही, मलमलीवर हात ठेवल्यासारखा ठेवायचा. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. "आणि पळून आलेल्या माणसाची मोजायची तर थांबल्या थांबल्या मोजा. अर्धं मिनिट गेलं की नाडी उतरायला लागते. मग म्हणाल, घड्याळ चुकलं, आणि चुकलेल्या तुम्ही असाल."

चार दिवस मी स्वतःच्या हातावर सराव केला. पोळ्या लाटून झाल्या की ओट्याशी उभी राहून, भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत. पहिले दोन दिवस नाडी सापडायची आणि मोजता मोजता हरवायची. नंतर सापडली ती सुटेना.

पाचव्या दिवशी हे पेपर वाचत होते, तिथे जाऊन मी समोर बसले.

"हात द्या."

"कशाला?"

"नाडी मोजते."

"तू? तुला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत."

"द्या तर खरं."

ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि घड्याळ नसलेला उजवा हात पुढे केला. मी तीन बोटं टेकवली. हात आधीपेक्षा किती बारीक झाला होता! आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. पण हे असे की रस्ता ओलांडतानाही कधी माझा हात धरायचे नाहीत, माझ्या पुढे दोन पावलं चालून मागे वळून बघायचे. दवाखान्यात होते तेव्हा हाताला सुई होती, वरून पट्टी होती. मी फक्त बोटांच्या टोकांना हात लावायचे. आता तो हात माझ्या मांडीवर होता आणि आतून काहीतरी माझ्या बोटांना हलकेच ढकलत होतं, पुन्हा पुन्हा, न चुकता. मी मोजायचंच विसरले.

"किती?" ह्यांनी विचारलं.

"थांबा. परत मोजते."

पंधरा सेकंदांत अठरा. म्हणजे बहात्तर. ह्यांनी डाव्या हाताची बाही सरकवून घड्याळ बघितलं, त्र्याहत्तर.

"तू चोरून बघितलंस."

"घड्याळावर बाही होती की."

"परत मोज. मी बाही खालीच ठेवतो. आधी तू सांगायचं, मग मी बघणार."

पाच वेळा मोजलं. पाचही वेळा एकदोनचाच फरक. ह्यांनी चष्मा काढला आणि तो सदऱ्याला पुसत बसले. हा माणूस विचार करायला लागला की चष्मा पुसतो. कितीतरी दिवसांनी ते दिसलं.

"म्हणजे बसल्यावर हे बरोबर दाखवतं," हे स्वतःशीच म्हणाले. "मग चुकतं कधी? चालताना की पळताना? लगेच की मागाहून?"

मी उठले. आत जाऊन चहा टाकला. बाहेर आले तर हे कपाटातून जुनी डायरी काढून पट्टीने रेघा मारत होते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा तळ्यावर जायला लागलो. चाचांनी लांबून हात वर केला, जवळ मात्र आले नाहीत. आधी चालणं तपासलं, त्यात घड्याळ बरोबर निघालं. मग हे म्हणाले, "आता पळतो."  मी बाकापाशी माझं साधं, काट्याचं घड्याळ घेऊन उभी राहिले. हे पाच मिनिटं अगदी हळू पळाले, माझ्यासमोरूनच ये-जा करत, आणि येऊन थांबले. चेहरा उतरला होता.

"एकशे सहासष्ट."

मी हात ओढलाच. थंडगार हात, आणि आत नाडी भरभर, पण एकसारखी चाललेली. पंधरा सेकंदांत अठ्ठावीस.

"एकशे बारा," मी म्हटलं.

"शक्य नाही."

"एकशे बारा, अहो. माझी टेप खोटी असेल, बोटं नाहीत."

हे तळ्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मला एक मिनिट मोजून दे. मी पुन्हा पळतो. तू 'सुरू' म्हण आणि मिनिटाने 'बस' म्हण."

मी 'सुरू' म्हटलं. हे पळायला लागले. ओठ हलत होते, काहीतरी मोजत होते. मी 'बस' म्हटल्यावर हे थांबले, मनगट बघितलं आणि मोठ्याने हसले. इतक्या मोठ्याने की पलीकडे हात फिरवून व्यायाम करणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितलं.

"एकशे पासष्ट पावलं टाकली मी. आणि हे म्हणतंय ठोके एकशे सहासष्ट! बेटं माझी पावलं मोजतंय!"

"म्हणजे?"

"अगं, पाय आपटला की हात हलतो, हात हलला की घड्याळ हलतं. त्या हलण्यालाच हे ठोका समजतंय. माझं हृदय बिचारं एकशे बारावर शांत चाललंय आणि हे त्याच्या नावावर माझ्या पायांची बिलं फाडतंय."

मी हसले, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. हे घामाने ओले होते तरी मी तिथेच त्यांचा हात धरून उभी राहिले. ह्यांनीही काढून घेतला नाही. खरं तर मोजून केव्हाच झालं होतं.

एवढ्यावर सोडून देतील तर ते हे कसले! चूक सापडली की तिचं कारण सापडेपर्यंत ह्यांना चैन पडत नाही. पुढचा महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. घड्याळ मनगटाच्या हाडावर बसत होतं, म्हणून ते हाडाच्या दोन बोटं वर, मांसल भागावर चढवलं. पट्टा किती आवळायचा, यावर चार सकाळी गेल्या. सैल राहिला तर घड्याळ नाचतं, फार आवळला तर कातडीतलं रक्तच अडतं. शेवटी ठरलं की हात झटकल्यावर घड्याळ जागचं हलता कामा नये, पण पट्ट्याखाली करंगळी जेमतेम जायला हवी. पळायला निघण्याआधीच एक घर आवळायचं आणि परत आल्यावर सैल करायचं. थंडीत कातडीखालचं रक्त आखडतं, म्हणून पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून आधी दहा मिनिटं भरभर चालायचं. हात ऊबदार झाले की मगच पळायचं. एवढं सगळं केल्यावर फरक पडला. पळतानाचा आकडा माझ्या बोटांच्या जवळपास येऊ लागला. पण अधूनमधून, विशेषतः रविवारी, परत एकशे साठच्या वर उडी मारायचा.

"रविवारीच का?" हे डायरीत डोकं घालून बसायचे.

ते कोडं मला सुटलं आणि मी वरमले. दर थंडीत रविवारी सकाळी मी ह्यांच्या हातापायांना खोबरेल तेल चोळते, कातडी फुटते म्हणून. त्याच हातावर घड्याळ चढायचं. मी ते उलटं करून बघितलं तर दिव्यांच्या काचेवर तेलकट थर बसला होता, त्यात धूळ.

"माझंच तेल आहे हे," मी म्हटलं. "मीच घाबरवलं तुम्हाला."

ह्यांनी काच मऊ फडक्याने पुसली, उजेडात धरून बघितली. "तेल बंद करायचं नाही," म्हणाले. "पळून आल्यावर लावायचं."

मुलीला सगळं कळलं तेव्हा तिने छातीला बांधायचा पट्टा पाठवला. तो उजेडाने बघत नाही, हृदयातून निघणारे विजेचे बारीक झटके पकडतो, त्यामुळे पळताना जास्त भरवशाचा. ह्यांनी तो बांधून आठवडाभर तिघांची परीक्षा घेतली. पट्टा, घड्याळ आणि मी. शेवटी डायरीत माझ्या रकान्यापुढे एक शब्द लिहिला, 'पास'. इन्स्पेक्शनमध्ये असताना शिक्का मारायचे तसा, चौकटीत.

फेब्रुवारीतली एक सकाळ होती. पळून झालं होतं, मी ह्यांची नाडी मोजली होती आणि आम्ही बाकावर उन्हात बसलो होतो. हे मजेत म्हणाले, "आण, आज तुझी बघतो. इतके दिवस फुकट शिकवणी झाली माझी."

मी हात दिला. ह्यांची बोटं जाड, पण बरोबर जागी पडली. पंधरा सेकंद झाले, तरी हे मोजतच राहिले. पूर्ण मिनिट मोजलं.

"तू आत्ता पळालीस का?"

"दहा मिनिटं इथेच बसलेय तुमच्याशेजारी."

ह्यांनी परत मोजलं. मग स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातावर बांधलं, हाडाच्या दोन बोटं वर, करंगळी घालून बघून. आम्ही दोघं आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसलो. एकशे सात.

"किती आले तुम्हाला?"

"एकशे आठ."

नुसतं बसलेल्या बाईचे ठोके एवढे असू नयेत, हे आता मलाही कळत होतं. ह्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. ब्लाउजच्या बाहीकडे बघितलं. ती दंडावर सैल झाली होती.

"तुझे हात कापतात का?"

"सुईत दोरा ओवताना. दिवाळीपासून. वयाचं असेल म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

काय सांगणार होते? छातीत धडधडायचं, जेवूनही वजन उतरत होतं, कडाक्याच्या थंडीतही मला गरम व्हायचं. हे सगळं मी ह्यांच्या काळजीच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. ज्याच्या घरी आजारी माणूस, त्याला धडधडणारच, असं मी धरून चालले होते.

त्याच सकाळी ह्यांनी मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. माझाही कार्डिओग्राम झाला, रक्त तपासलं. थायरॉइड वाढलेलं निघालं. बाई म्हणाल्या, गोळ्यांनी आटोक्यात येईल, पण असंच अंगावर काढलं असतं तर हृदयाला त्रास झाला असता. "कुणाच्या लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.  मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

परतताना आम्ही रिक्षा केली. सिग्नलला ती थांबली तेव्हा हे म्हणाले, "तीन महिने मी माझ्याच मनगटाकडे बघत बसलो."

"तुम्हाला भीती वाटत होती."

"हो. पण शेजारी तू होतीस."

एवढंच बोलले. ह्यांच्याकडून ही कबुली म्हणजे फार झालं, हे मला एकतीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे.  रिक्षा सुटली, आणि खड्ड्यात आदळून आमचे खांदे एकमेकांवर आपटले. ते तसेच टेकलेले राहिले.

गोळ्यांनी दोनतीन आठवड्यांत फरक पडायला लागला. आधी हातांचा कंप गेला, मग झोप सुधारली. उन्हाळा लागेपर्यंत माझे बसल्या जागचे ठोके ऐंशीवर आले. हे रोज सकाळी मला चहाआधी खुर्चीत बसवून मोजायचे आणि एखाद्या दिवशी नव्वद आले की घरात मला केर काढायची बंदी व्हायची. केर मग हे काढायचे, आणि कोपरे सोडायचे. मी ते नंतर गुपचूप काढायचे.

आता आम्ही पुन्हा दोघं तळ्यावर जातो. परवा सकाळी हे म्हणाले, "आज पूर्ण फेरी मारून येऊ का?" आतापर्यंत हे माझ्या नजरेच्या टप्प्यातच पळत होते, बाकापासून पुलापर्यंत आणि परत. तळ्याच्या पलीकडच्या बाजूला झाडी आहे. वळण घेतलं की इकडून माणूस दिसत नाही.

"जा," मी म्हटलं.

"तू?"

"मी चालते माझी माझी. समोरून भेटाल."

हे पळायला लागले. पुलापाशी नेहमीसारखे वळले नाहीत, सरळ गेले. वळणावर निळा शर्ट दोन झाडांच्या मध्ये दिसला आणि नाहीसा झाला. मी थांबले नाही, मागे गेले नाही, घड्याळही बघितलं नाही. उलट बाजूने चालायला लागले. पाण्यावर बगळे उतरत होते, दूध घेऊन जाणारी गाडी वरच्या रस्त्याने गेली, एक बाई तिच्या नातीला सायकल शिकवत होती. मी तिला वाट दिली. बऱ्याच वेळाने समोरच्या वळणातून हे आले. घामाघूम झालेले, स्वतःशीच काहीतरी पुटपुटत, बहुतेक पावलं मोजत. माझ्यापाशी आले तरी थांबले नाहीत, नाडीसाठी हातही पुढे केला नाही. "चल, उन्हं तापायच्या आत," म्हणाले, आणि माझ्या शेजारून पुढे निघून गेले.